डावा डोळा उद्या पाहू

गोवर झालेल्या एका मुलीच्या केसपेपरवर नेत्रतज्ज्ञ म्हणून मी लिहिलेली ओळ अशी होती: "उजवा डोळा: कॉर्निया स्वच्छ. डावा: पापण्या सुजलेल्या, मूल तपासू देत नाही, उद्या पाहू." हा उद्या दोन दिवसांनी उजाडला. तोवर काय झालं, का झालं आणि त्यातलं किती टाळता आलं असतं, ते इथे मांडतो. मुलीची ओळख पटेल असं काहीही यात ठेवलेलं नाही.

दाखल झाली तेव्हा

मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची. वजन ८.४ किलो, दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर. घेर ११.५ च्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित धरतात, म्हणजे ही त्या रेषेच्या पलीकडे होती. आठवडाभर ताप, नाक वाहणं, खोकला. चार दिवसांपूर्वी कानामागून पुरळ सुरू झालं, चेहऱ्यावर पसरलं आणि मग खाली पोटापायांवर उतरलं. सहा दिवस जुलाब. श्वास मिनिटाला ५४, छातीत न्यूमोनिया. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीच्या दिवशी ताप होता म्हणून लस पुढे ढकलली गेली, ती ढकललेलीच राहिली.

बालरोग विभागाने आपलं काम चोख केलं. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, पाणी आणि क्षार भरून काढणं, थोडं थोडं भरवणं. फक्त एका रकान्यात लिहिलं होतं: "व्हिटॅमिन ए: ५ महिन्यांपूर्वी डोस झाला आहे, सध्या गरज नाही."

वरकरणी बरोबर वाटणारं हे वाक्य चूक आहे. निरोगी मुलाला ठरावीक अंतराने मिळणारा डोस ही एक गोष्ट आणि गोवरावरचा उपचार ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला, आधीचा डोस कधीही झालेला असो, निदान झालं त्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी एक अशा दोन मात्रा द्यायच्या असतात. सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १,००,००० आणि वर्षाच्या पुढे २,००,०००. डोळ्यांत व्हिटॅमिन एच्या कमतरतेची चिन्हं असतील तर काही आठवड्यांनी तिसरी मात्रा. दोष हे लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरचा म्हणावा, तर दुसऱ्या दिवशी तोच कागद माझ्याही हातात होता आणि ती ओळ मीही वाचून पुढे गेलो होतो.

मला बोलावलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. कारण लिहिलं होतं, "डोळे लाल, चिपडं, प्रकाश सहन होत नाही." गोवरात हे जवळजवळ नेहमीच असतं. ताप, खोकला आणि वाहतं नाक यांच्या जोडीला लाल डोळे नसतील, तर निदान पुन्हा तपासावं असं शिकवतात. शिवाय निळ्या प्रकाशात, फ्लोरेसीन या रंगाची पट्टी लावून पाहिलं तर यातल्या पुष्कळ मुलांच्या कॉर्नियावर सुईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसतात. कॉर्निया म्हणजे बुब्बुळापुढची काच. तिच्या वरच्या थरातल्या पेशी ठिकठिकाणी गळून पडतात, म्हणून तिथे रंग धरतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, उजेड नकोसा होतो. पोसलेल्या मुलात हे सगळं आपोआप भरून येतं, डागही राहत नाही. मी अशी मुलं इतकी पाहिली होती की वॉर्डात शिरतानाच माझं निदान झालेलं होतं.

उजवी पापणी वर केली. लाली होती, पाणी होतं, ठिपके होते, काच पारदर्शक. डावी पापणी सुजून घट्ट मिटलेली. मुलगी किंचाळत होती, आई रडवेली झाली होती, ऑक्सिजनची नळी निसटत होती. तिचं रडणं न्यूमोनियाला बरं नाही, असं मी मनाशी म्हटलं. ते खरंही होतं, पण त्याआड मी माझी सुटकाही करून घेतली. अँटिबायोटिक मलम आणि कृत्रिम अश्रू लिहून दिले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियांची यादी लांबली आणि माझा फेरा झाला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी

सिस्टरचा फोन आला. "डॉक्टर, डावा डोळा आज उघडलाय, पण मध्ये काहीतरी पांढरट दिसतंय. तुम्ही लगेच येता का?"

आदल्या दिवसाच्या नोंदींत "सुधारणा" लिहिलं होतं. सूज उतरली होती. मुलगी टॉर्च मारला तरी रडत नव्हती. वॉर्डात सगळ्यांना हायसं वाटलं होतं, आणि ते स्वाभाविकच होतं. मला मात्र पलंगापाशी पोचताच धस्स झालं. ती उजेडाला घाबरायची थांबली होती, कारण घाबरायचंही त्राण तिच्यात नव्हतं. अर्धवट झोपेत तिच्या पापण्या पुरत्या मिटत नव्हत्या, खाली दोन मिलिमीटरची फट राहत होती आणि त्या फटीत कॉर्नियाचा खालचा भाग रात्रभर उघडा पडून वाळत होता.

या वेळी सगळं रीतसर केलं. डोळा बधिर करणारे थेंब, मुलीला चादरीत गुंडाळून, डोकं सिस्टरच्या हातांत धरून, पापणी बोटाने न दाबता रिट्रॅक्टरने उचलली. बोटाने दाबली असती तर डोळा तिथेच फुटला असता, हे पुढच्या क्षणी कळलं.

डावी काच मंद झालेली, श्वासाची वाफ बसलेल्या आरशासारखी. खाली, नाकाच्या बाजूला सुमारे ५ बाय ४ मिलिमीटरचा करडा-पिवळट भाग. त्याला व्रण म्हणवेना, कारण व्रणाला कडा असते, तळ असतो. हे विरघळत चाललेलं होतं, जेलीसारखं. त्याच्या मधोमध एक लहानसा काळाभोर फुगवटा. कॉर्नियाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथे ती सगळी वितळून आतला शेवटचा पापुद्रा तेवढा उरला होता. आणि आजूबाजूला लाली किती, तर नावापुरती. जंतूंमुळे होणारा व्रण डोळा लालभडक करतो, पू येतो, मूल तळमळतं. इथे डोळा शांतपणे विरघळत होता. याला केरॅटोमलेशिया म्हणतात, आणि हा शांतपणाच फसवतो.

मग दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे नीट पाहिलं. कानाच्या बाजूला पृष्ठभाग कोरडा, सुरकुतलेला, आणि त्यावर साबणाच्या फेसासारखा त्रिकोणी पांढरा ठिपका. बिटोचे ठिपके. १८६३ साली फ्रेंच वैद्य पिएर बिटो यांनी यांचं वर्णन केलं. नेत्रविभागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असतात. दुसऱ्या दिवशीही ते तिथे असणारच. मी पाहिले नाहीत, कारण मी नजर फक्त काचेवर ठेवली आणि तीही एकाच डोळ्याच्या. उजव्या डोळ्यातही आता काच निस्तेज झाली होती आणि खाली दीड मिलिमीटरचा उथळ व्रण होता.

आईला विचारलं, "दिवेलागणीनंतर ही घरात कशी वावरते?"

ती म्हणाली, "अंधार पडला की मांडीवरून उतरतच नाही. दोन-तीन महिने झाले. आम्हाला वाटलं, घाबरते."

रातांधळेपणा. हा प्रश्न दाखल होताना कोणीच विचारला नव्हता. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

काच वितळते कशी

व्हिटॅमिन ए शरीरात मुख्यतः यकृतात साठतं. तिथून ते एका प्रथिनावर स्वार होऊन रक्तातून डोळ्यापर्यंत जातं. डोळ्यात त्याची दोन कामं. पडद्यावरच्या, कमी उजेडात पाहणाऱ्या पेशींना रंगद्रव्य पुरवणं हे एक. ते अडलं की रातांधळेपणा. दुसरं म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशी ओल्या आणि नाजूक ठेवणं. ते अडलं की श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, पृष्ठभाग कातडीसारखा राठ बनतो, अश्रू त्यावर टिकत नाहीत.

या मुलीचा साठा आधीच तळाला गेला होता. पाच महिन्यांपूर्वीचा डोस मिळाला असेलही, पण वारंवार जुलाब होणाऱ्या, कमी खाणाऱ्या मुलात तो किती टिकणार? त्यात गोवर आला. गोवराचा विषाणू सगळ्या शरीराच्या पृष्ठभागांवर, म्हणजे श्वासनलिका, आतडी आणि डोळा यांच्यावर एकदम तुटून पडतो, आणि पेशी नव्याने घडवण्यासाठी व्हिटॅमिन एची मागणी एकाएकी वाढते. तापात ते लघवीवाटे वाहून जातं. जुलाबांमुळे आत शोषलं जात नाही. कुपोषणामुळे वाहून नेणारं प्रथिनच अपुरं, त्यामुळे यकृतात उरलंसुरलं असेल तेही बाहेर निघत नाही. खर्च दुप्पट, आवक बंद आणि तिजोरीची किल्लीही हरवलेली.

त्यावर गोवर प्रतिकारशक्ती आठवडे-महिने मोडून ठेवतो. त्यामुळे जंतूंचा व्रण किंवा हर्पीसचा विषाणू अशा कॉर्नियावर सहज बसतो. अॅलन फॉस्टर आणि आल्फ्रेड सोमर यांनी १९८७ साली टांझानियातल्या कॉर्नियाला व्रण झालेल्या १३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ३७ टक्के व्रण नुकत्याच झालेल्या गोवराशी जोडलेले होते. कारणांत व्हिटॅमिन एची कमतरता सर्वांत पुढे होती, तिच्यामागे हर्पीस आणि डोळ्यांत घातलेली घरगुती औषधं. म्हणून मी आईला दोनदा खोदून विचारलं, डोळ्यात काही घातलं होतं का. नाही म्हणाली. व्रणाचा आकार हर्पीसच्या फांद्यांसारखा नव्हता. कडेवरून अलगद घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडले नाहीत. तरी जंतुनाशक थेंब दिलेच. अशा डोळ्याच्या बाबतीत अहवालाची वाट पाहत बसायचं नसतं.

उपचार आणि सहाव्या दिवसाची रात्र

चौथ्या दिवशी सकाळी, कॉर्निया पाहून झाल्याबरोबर, २,००,००० युनिटची कॅप्सूल टोक कापून तिच्या तोंडात पिळली. निवासी डॉक्टरने विचारलं, "सर, जुलाब चालू आहेत, इंजेक्शन देऊया का?" तेलातलं इंजेक्शन स्नायूतच पडून राहतं, फार सावकाश रक्तात उतरतं. पाण्यात मिसळणारं मिळत असेल तर ते, आणि तेही मूल काहीच गिळू शकत नसेल किंवा सारखं ओकत असेल तेव्हा. एरवी जुलाबांतही तोंडावाटेच लवकर गुण येतो. दुसरी मात्रा पाचव्या दिवशी दिली, तिसरी दोन आठवड्यांनी.

जंतुनाशक थेंब दर तासाला, बाहुली मोठी ठेवायला अॅट्रोपिन, उजव्या डोळ्यात शिवाय मलम. डाव्या डोळ्यावर कापसाची दाबपट्टी बांधायची नाही असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर फक्त प्लास्टिकचं कडक कवच, डोळ्याला न टेकणारं. स्टेरॉइडचे थेंब कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून घालायचे नाहीत. लाली कमी करायला कोणी ते घालतात आणि वितळणारी काच आणखी वेगाने वितळते.

सहाव्या दिवशी रात्री ती जोरात खोकली आणि कवचाखाली गरम पाण्यासारखं काही ओघळलं. सिस्टरने ओळखलं. मी पोचलो तेव्हा तो काळा फुगवटा फुटून आतला द्रव वाहून गेला होता आणि बुबुळाचा तपकिरी पडदा येऊन त्या भोकात बुचासारखा बसला होता. भूल देऊन छिद्रावर वैद्यकीय डिंक लावायचा किंवा दात्याच्या कॉर्नियाचा तुकडा शिवायचा, हे दोन्ही पर्याय होते. भूलतज्ज्ञांनी छाती पाहिली आणि मान हलवली. छिद्र लहान होतं, बूच घट्ट होतं. आम्ही थांबलो. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण तो घ्यायची वेळ यायला नको होती.

उजवा डोळा उपचाराच्या तिसऱ्या दिवसापासून उलगडायला लागला. पहिल्या कॅप्सूलनंतर ४८ तासांत काचेवर चमक आली. हे पाहणं दर वेळी थोडं अविश्वसनीय वाटतं. सहा दिवसांत व्रण भरला, बाहुलीपासून दूर फिकट धुरकट डाग राहिला. डावा डोळा तीन आठवड्यांनी शांत झाला: खालच्या बाजूला तीन मिलिमीटरचा पांढरा डाग, त्याला आतून बुबुळ चिकटलेलं, बाहुलीचा अर्धा भाग झाकलेला आणि ओढून वाकडा झालेला. आईने विचारलं, "फूल पडलं का, डॉक्टर?" मी हो म्हटलं.

धाकटा भाऊ

घरी सात महिन्यांचा भाऊ होता. मुलीच्या पुरळाआधी चार दिवस आणि नंतर चार दिवस ती गोवर पसरवत होती, म्हणजे आम्हाला त्याचं नाव कळेपर्यंत संसर्ग होऊन गेला होता. संसर्गानंतर ७२ तासांत लस किंवा सहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) दिलं तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. दोन्ही मुदती टळल्या होत्या. त्याला पुरळ आलं त्याच दिवशी आईने त्याला आणलं. १,००,००० युनिट लगेच, १,००,००० दुसऱ्या दिवशी. दोन्ही डोळे मी स्वतः, दोन्ही, रोज पाहिले. हिरवे ठिपके, पाणी, चिपडं. दहा दिवसांत सगळं निवळलं.

तोच विषाणू, तेच घर. पण हे सगळं श्रेय कॅप्सूलला देणं खोटं ठरेल. भाऊ वजनाने ठीक होता, आईच्या दुधावर होता, त्याला जुलाब नव्हते. दोघांची तुलना करून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. तो सिद्ध झाला आहे वेगळ्या ठिकाणी. १९३२ साली लंडनमध्ये जोसेफ एलिसन यांनी गोवराच्या ६०० मुलांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ए दिलं. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ८.७ टक्के दगावली, ज्यांना दिलं त्यांच्यात ३.७ टक्के. मग अँटिबायोटिकं आली आणि हे जवळपास विसरलं गेलं. १९९० साली केप टाउनमधल्या हसी आणि क्लाइन यांच्या चाचणीत गंभीर गोवराची १८९ मुलं होती. बारा दगावली, त्यातली दहा औषधाविना ठेवलेल्या गटातली. ही चाचणी जिवासाठी होती, नजरेसाठी नव्हे. पण ज्या कमतरतेने जीव जातो तिनेच काच वितळते. आणि हेही लगेच सांगायला हवं की व्हिटॅमिन एमुळे गोवर टळत नाही. ते काम लशीचं. पालकांनी आपल्या मनाने जास्तीचे डोस देत राहणंही धोक्याचं, कारण ते शरीरात साठतं आणि विषासारखं वागतं.

पुढचे महिने

चौथ्या महिन्यात मुलीचं वजन १०.६ किलो होतं. तपासणीच्या टेबलावर मी पांढऱ्या दोऱ्याचा सेंटिमीटरभर तुकडा ठेवला. दोन्ही डोळे उघडे असताना तिने तो चिमटीत उचलला. डावा डोळा झाकला, तरी उचलला. उजवा झाकला तशी ती माझा हात ढकलू लागली, मग टेबलभर तळवा फिरवून शोधत राहिली. या वयात मेंदू अजून पाहायला शिकत असतो. धूसर चित्र येणाऱ्या डोळ्याकडे तो पाठ फिरवतो, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ती पाठ तशीच राहिली तर पुढे काच बदलूनही उपयोग होत नाही.

कॉर्नियारोपणाचा विचार आम्ही केला आणि बाजूला ठेवला. लहान मूल, रक्तवाहिन्या शिरलेला डाग, आतून चिकटलेलं बुबुळ. अशा ठिकाणी दुसऱ्याची काच टिकण्याची शक्यता कमी असते. त्याऐवजी वर, जिथे काच अजून स्वच्छ आहे, तिथे बुबुळात छोटी खिडकी पाडली. पाचव्या महिन्यात झालेली ही शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांची. त्यानंतर चष्मा आणि, डावा डोळा वापरात यावा म्हणून, उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी.

आईने एकदा विचारलं की गोवर परत डोळ्यांत उतरेल का. तिला मी सांगितलं ते असं: गोवर पुन्हा सहसा होत नाही. क्वचित एखाद्या मुलात पुरळानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पडद्याला किंवा दृष्टीच्या शिरेला सूज येते, ती वेळ हिच्या बाबतीत गेली. राहिला तो फार दुर्मीळ प्रकार, ज्यात विषाणू मेंदूत दडून राहतो आणि बहुधा सहा ते दहा वर्षांनी डोकं वर काढतो. त्यात कधीकधी नजर आधी मंदावते आणि झटके किंवा वागण्यातले बदल नंतर येतात. त्याची भीती बाळगून रोज जगू नका, पण मोठेपणी नजर अचानक कमी झाली तर डॉक्टरला लहानपणच्या गोवराबद्दल सांगायला विसरू नका.

आमच्या वॉर्डात आता गोवराच्या रुग्णाच्या तक्त्यावर रोजच्या तपमानाखाली दोन रकाने आहेत, उजवी काच आणि डावी काच, आणि "तपासू देत नाही" हे उत्तर त्यात चालत नाही. तपासू देत नसेल तर कोणाला बोलावलं त्याचं नाव लिहायचं. हा तक्ता सिस्टरने बनवला, मी नाही.

मुलगी परवा येऊन गेली. पट्टी ती खेळण्यातल्या बाहुलीच्या डोळ्यावर लावते, स्वतःच्या नाही, अशी आईची तक्रार. उजवा डोळा झाकल्यावर तिने दोरा तिसऱ्या प्रयत्नात उचलला. चिकटलेल्या बुबुळामुळे डाव्या डोळ्याचा दाब हळूहळू वाढू शकतो, म्हणून पुढच्या महिन्यात भूल देऊन तो मोजायचा आहे.